मिठबावपर्यंत गेलेली गाडी

दारातल्या हापूसला परत मोहोर आला. सकाळी पडवीत आलो की आधी वास येतो, झाड मागून दिसतं. लोक म्हणतात गोड वास. असेल. मला तो चिकट वाटतो. चाळीस वर्षं मच्छीमारांच्या इंजिनांत हात घातलेला माणूस मी. मला वाससुद्धा बोटांना कळतो.

झाडाखाली माटव आहे. पोफळीचे खांब, वर माडाच्या विणलेल्या झावळ्या, पावसाच्या बाजूला पत्रे. त्यात गाडी उभी. मुलगा पुण्याहून फोन करतो तेव्हा त्याला गॅरेज म्हणतो. म्हणू दे. रोज चहा झाला की मी गाडीवरची चादर काढतो आणि बॉनेटवर तळहात फिरवतो. गुळगुळीत लागतं, गुळगुळीत लागतं, आणि मध्येच खडा लागतो. तिळाएवढा. मग दुसरा. ते तुडतुडे आहेत, मोहोराला लागणारे. दोन वर्षांपूर्वी ओल्या रंगात बसले आणि तिथेच राहिले. घासून काढायला एक दिवस पुरे, पॉलिश पेपर कपाटात आहे. मी काढत नाही.

मी लिहिणारा माणूस नव्हे. चौथीत शाळा सुटली ती सुटली. पण या दिवसांत, पौष सरून माघ लागला की, सकाळी डोंगराकडून कोरडा मतलई वारा सुटतो, कुळथाची शेतं पिवळी पडतात, बागांतून फवारणीचे पंप घरघरत असतात, आणि मला घरात बसवत नाही. त्या एका मोसमात जे झालं ते कोणाला तरी सांगावंसं वाटतं. ऐकणारी होती ती गेली. म्हणून कागद.

गाडी जुनी. चार दरवाजे, गोल दिवे, गिअर स्टिअरिंगला. एके काळी असल्या गाड्या मुंबईत टॅक्सी म्हणून धावत. तालुक्याच्या गावी एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांच्या परसात ती कित्येक वर्षं पडून होती. त्यांच्या विहिरीचा पंप मी नीट करून दिला तेव्हा म्हणाले, "तात्या, ही घेऊन जा. माझ्याच्याने आता हिच्याकडे बघवत नाही." टेम्पोवर घालून आणली. दारात उतरवून मागचा दरवाजा ओढला तर आतून कोंबडी ओरडली. मागच्या सीटवर पाच अंडी घालून बसली होती. टेम्पोच्या हादऱ्यांत एकही फुटलं नव्हतं.

आमची ही पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "बरा झाला. गाडयेवांगडा कोंबडी हुंड्यात इली."

"डॉक्टराक परत देवक होयी."

"देवा मगे. पण आदी पिलां भायर पडांदेत. अंड्यार बसलल्या कोंबडयेक उठवूचा नसता."

हिचा शब्द म्हणजे शब्द. तीन आठवडे मागच्या सीटला हात लावायची सोय नव्हती. म्हणून मी काम पुढून सुरू केलं. आता वाटतं, त्या कोंबडीने बरंच केलं. मागून सुरू केलं असतं तर पुढची सीट झालीच नसती.

पुढची सीट हिच्यासाठी होती.

हिचे गुडघे तेव्हा गेलेले होते. उठताना खांब धरायची, बसताना देवाचं नाव घ्यायची. हिचं माहेर जामसंड्याचं. लहानपणी शिवरात्रीला कुणकेश्वरला चालत जायची ती माणसं, लग्न होऊन इकडे आल्यावर एस्टीने जायची. पण पाच वर्षं झाली होती, देव भेटला नव्हता. एस्टीची पायरी उंच, रिक्षात गुडघे पुढच्या दांडीला आडवे येतात, आणि कोणी उचलून बसवलेलं हिला चालत नसे. एकदा मुलाने उचलायचा प्रयत्न केला तर त्याच्या हातावर चापट मारली. "मी काय भाताचो भारो?"

तर मी ठरवलं, गाडीची सीटच बाहेर यायला हवी. बाईने वाकायचं नाही, सीटने वळायचं.

जुन्या गाडीत पुढे अख्खं बाक असतं. ते मी मधून कापलं. ड्रायव्हरचा भाग राहू दिला. डावीकडच्या भागाखाली काय घालावं याचा आठ दिवस विचार केला, आणि नवव्या दिवशी तिठ्यावर दाढीला बसलो असताना उत्तर बुडाखालीच सापडलं. बाबल न्हावी खुर्ची फिरवत होता. त्याची एक जुनी खुर्ची दुकानामागे गंजत पडली होती. तिची फिरणारी चकती मी मागून आणली, रॉकेलमध्ये दोन दिवस बुडवली, गोळ्या काढून ग्रीस भरलं. सीट वीतभर मागे घेतली म्हणजे पाय दारातून सरळ निघतील. गाडी चालताना ती फिरू नये म्हणून होडीच्या सुकाणूची पितळी खिटी लावली. खिटी ओढली की सीट दाराकडे वळते. खिटी टाकली की घट्ट.

ही काठी टेकत आली, चहूबाजूंनी बघितलं आणि म्हणाली, "माका हंय बसवन केस कापतलास काय?"

"कापतंय. दाढी करूची आसात तर ती पण सांग."

"तुमच्या हातातसून वस्तरो? डिझेलाचो वास तोंडाक."

पण बसली. मी खिटी ओढली, ती बाहेरून आत वळली, आतून बाहेर वळली. तिसऱ्यांदा स्वतःच वळली. त्या दिवसापासून ती घरातल्या खुर्चीवर बसलीच नाही. डावा दरवाजा मी कामासाठी काढून आंब्याला टेकवून ठेवला होता, त्यामुळे जायला यायला मोकळं. जेवण आटोपलं की सूप घेऊन यायची, सीट बाहेरच्या बाजूला वळवायची आणि कुळीथ निवडत बसायची. गाडी चिऱ्यांवर चढवलेली, चाकं काढलेली, मी खाली गोणपाटावर उताणा. मला तिचे फक्त पाय दिसायचे. एक चप्पल पायात, एक खाली पडलेली.

खालून मी विचारायचो, "खंय पोचलव?"

वरून कुणकेश्वरच्या वाटेवरच्या गावाचं नाव यायचं, "आचरा."

कोंबडी चालली असेल तर म्हणायची, "फुडे माणसां इली हत, हॉर्न मारा." माकडं झाडावरून उडाली की म्हणायची, "आचऱ्याचो बाजार सुटलो." मी खालून पाना आपटून हॉर्न वाजवायचो. दोन म्हातारी माणसं. बघणाऱ्याने वेडी म्हटली असती. बघणारं कोण होतं?

मग थोड्या वेळाने म्हणायची, "मिठबाव इला. चाय घेवया."

चहा मीच करून आणायचो. मिठबावला गाडी थांबायची ती थांबायची. पुढे कधी गेली नाही. मी एकदा विचारलं, "फुडे काय रस्तो नाय?"

"फुडचो खऱ्या गाडयेतसून. सगळा हंयच बघून टाकलंय तर थंय जावन काय करू?"

आता एक चूक सांगतो. दोन केल्या, पण पहिली हसण्यासारखी होती.

गाडीचा खालचा पत्रा खाऱ्या हवेने खाल्लेला. भोकं पडलेली. ती कापून नवे तुकडे जोडले. पण परत गंजू नये म्हणून काय लावायचं? दुसरा कोणी बाजारातून डबा आणेल. मी लहानपणापासून एकच बघितलेलं, होडीला मोरीचं तेल लावतात. मोरी म्हणजे शार्क, तिच्या लिवराचं तेल. लाकूड शंभर वर्षं टिकतं. म्हटलं, लाकडाला चालतं ते पत्र्याला का चालू नये? होडीवरच्या ओळखीच्या तांडेलाकडून कॅन आणला आणि सगळ्या गाडीला खालून, आतून, दरवाज्यांच्या पोकळीत, जिथे हात जाईल तिथे चोपडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माटवात अकरा मांजरं होती. आमच्या वाडीत एवढी मांजरं आहेत हे मला ठाऊक नव्हतं. कोंबडी टपावर चढून बसली. ही नाकाला पदर लावून दारात उभी. सोमवार होता, हिचा उपास.

"ही गाडी देवाक न्हेवची आसा मा?"

"वास जातलो आठ दिवसांत."

"आठ दिवसांत मांजरां घर आपल्या नावार करून घेतली."

वास गेला नाही. उरलेले तिन्ही दरवाजे उघडे टाकले, आत लिंबं ठेवली, कॉफी ठेवली, धूप घातला. धुपाने आणखी बिघडलं. देवळात कोणी मासे भाजावेत तसा वास. पण ही परत येऊन बसायला लागली. म्हणाली, सवय झाली. लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या डिझेलची झाली तशी.

दुसरी चूक हसण्यासारखी नाही.

शिवरात्र आली. इंजिन चालू झालेलं होतं. चाकं चढली होती. ब्रेक मी तीन वेळा तपासले होते. रंग मात्र राहिला होता. जिथे जिथे पत्रा जोडला तिथे लांबीची पुटी भरून लाल प्रायमर मारलेला, बाकी जुना पांढरा रंग उडालेला. गजकर्ण झालेल्या म्हशीसारखी दिसायची.

सकाळी मी बॅटरीची वायर आवळत होतो. ही न्हाऊन आली. बारीक काठाची चांगली साडी, हातात पिशवी. पिशवीत नारळ, बेल, पाण्याची बाटली. काठी माटवाच्या खांबाला टेकवली, सीटवर बसली, स्वतः आत वळली आणि समोर बघत म्हणाली, "चला."

"खंय?"

"आज काय आसा म्हायत नाय? इंजन चलता मा?"

"चलता."

"मगे चला. दरवाजो तेवडो लावा."

मी हात पुसले. गाडीकडे बघितलं. "असली गाडी घेवन? लाल ठिगळां, वरसून मोरीचो वास. शिवरात्रीक, देवाक?"

तर ती म्हणाली, आणि अगदी सहज म्हणाली, "देव दर्याच्या काठार बसलो आसा. तेका माशाचो वास नवो काय?"

मी हसलो. पण मला देवाची पर्वा नव्हती. मला हिच्या भावाची पर्वा होती. दर शिवरात्रीला तो देवळाबाहेर प्रसादाच्या मांडवात उभा असायचा. आमच्या लग्नात, पंगतीत, मला ऐकू जाईल असं तो बोलला होता, "आमच्या चेडवाचो हात काळ्या हातात गेलो." पोर होतं तेव्हा ते, बोललं आणि विसरलं असेल. मी नाही विसरलो. बेचाळीस वर्षं प्रत्येक वेळी जामसंड्याला जाताना मी साबणाने हात घासून गेलो. आणि आता पहिल्यांदा हिला माहेराकडे माझ्या हाताने केलेल्या गाडीतून नेणार, ती अशी? लोकांनी मागे वळून बघायला हवं होतं मला.

"तुझो भाव थंय उभो असतलो," मी म्हटलं.

"असांदे."

"रंग होवंदे. फुडल्या सोमवारी जावया. शब्द."

तिने पिशवीतला नारळ सरळ केला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमका माका न्हेवचा आसा, की गाडयेक?"

मी परत बॅटरीची वायर आवळायला घेतली. तिने खिटी ओढली, सीट बाहेर वळवली, पिशवी घेतली आणि काठी टेकत घरात गेली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मी घाबरून गाडी काढली असती.

दुसऱ्या दिवशी उपास सोडताना तिने तोच नारळ फोडला. त्याची सोलकढी केली. वाटी घेऊन माटवात आली आणि माझ्यापुढे धरली.

"रंग मारूचोच आसा मा? मगे ह्यो मारा."

"सोलकढीचो? गुलाबी गाडी? लोक हसतले."

"तुमी म्हणी लोकांनी बघूक होया. बघतले."

मग त्यातच पहिला सोमवार गेला. मी पांढऱ्यात लाल मिसळायचो, पत्र्याच्या तुकड्यावर फासायचो, ती वाटी शेजारी धरायची. "आगळ जास्ती झालो, नारळ घाला." आगळ म्हणजे कोकमाचा लाल रस. मी पांढरा घालायचो. "आता पानचट झाली." मी परत लाल. शेवटी एक थेंब निळा पडला, चुकून पडला, आणि ती म्हणाली, "हां. ही आपल्या घरातली." गुलाबीही नाही, जांभळाही नाही. ऊन असताना वेगळा, सावलीत वेगळा. मी गाड्या खूप बघितल्या, तो रंग दुसरीकडे बघितला नाही.

दुसरा सोमवार तुडतुड्यांनी घेतला. रंग मारायचा तर सकाळी मारायचा, मतलई वारा असतो तोवर. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो, रंगावर दमट धुरका बसतो. मी पहाटेपासून कॉम्प्रेसर लावून बसलो. ही म्हणाली, "झाड मोहोरान भरला हा. फुडच्या बाजूक चादर लावा आदी."

"माका शिकवू नको."

मोहोराचा तिसरा बहर होता. झाड नुसतं ठिबकत होतं. बॉनेटवर शेवटचा हात मारला, मागे सरून बघितलं, सुंदर दिसत होतं, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते येऊन बसायला लागले. एक, दहा, शंभर. ही सीटवरून बघत होती. "मी सांगलेलंय" एवढं म्हणायचा हक्क होता तिचा, तोही तिने घेतला नाही. फक्त सुपातले कुळीथ वरखाली करत राहिली.

वाळायला हवा, मग घासायला हवा, मग परत मारायला हवा. तिसरा सोमवार वाळण्यात गेला. डावा दरवाजा तेवढा राहिलेला, लाल प्रायमरमध्ये, आंब्याला टेकलेला.

त्या आठवड्यात गुरुवारी दुपारी मी मागच्या काचेवरचा रंगाचा तुषार पुसत होतो. ती पुढे नेहमीच्या जागी. सीट बाहेर वळवलेली. मी काचेतूनच विचारलं, "खंय पोचलव?"

उत्तर आलं नाही. वाटलं, डोळा लागला. उन्हाची वेळ होती. मी काच पुरी पुसली, फडकं पिळलं, वाळत घातलं आणि मग पुढे गेलो. सूप मांडीवर होतं. एक दाणा सांडलेला नव्हता.

याच्यावर मला काही लिहायचं नाही.

दिवस झाल्यावर लोक गेले. मुलगा म्हणाला पुण्याला चला, सून चांगली आहे, तिनेही म्हटलं. मी म्हटलं दरवाजा लावायचा राहिलाय. लावला. जसा होता तसा, लाल. रंग डब्यात शिल्लक होता. झाकण उघडून बघितलं आणि परत ठोकलं.

पुढे कागदपत्रं नवी करायला गाडी घेऊन गेलो. ऑफिसातल्या पोराने विचारलं, "आजोबा, रंग कोणता लिहू?"

"सोलकढी."

"असा रंग यादीत नाही."

"मग यादीत घाला."

त्याने गुलाबी लिहिलं. मग फिरून डावीकडे आला आणि म्हणाला, "हा दरवाजा?"

"तो तसाच," म्हटलं. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे विचारलं नाही. बरा पोरगा.

तेवढी एकदा गाडी बाहेर निघाली. त्यानंतर दर आठ दिवसांनी इंजिन चालू करायचं, पंधरा मिनिटं गुरगुरू द्यायचं, बंद करायचं. डावीकडची सीट पुसायची. तिच्यावर कोणी बसलं नाही. वाडीतली एक बाई दवाखान्यात जायला मागे लागली होती, तिला मी मागे बसवतो म्हटलं, तर ती म्हणाली मागे पाय दुमडत नाहीत, रिक्षाने गेली. मला वाईट वाटलं. पण सीट दिली नाही.

गेल्या पावसात हिचा भाऊ गेला. मी बाराव्याला एस्टीने गेलो. त्याच्या फोटोला हात जोडताना माझं लक्ष माझ्याच हातांकडे होतं. नखांत काळं होतं. त्या दिवशी घासायला विसरलो होतो. ज्याला गाडी दाखवायची तो नाही, जिला न्यायची ती नाही, आणि गाडी मात्र चकचकीत उभी. एवढं कळायला मला एवढी वर्षं लागली. चौथीच शिकलेला माणूस.

आणि पंधरा दिवसांपूर्वी आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे हिची थोरली बहीण, जामसंड्यालाच दिलेली. ऐंशी उलटली, पण आवाज खणखणीत.

"तात्यानू, ती गाडी आसा मा?"

"आसा."

"माका एकदा कुणकेश्वराक न्हेतास? एस्टीत माझो पाय वर जाणा नाय. रिक्षेत गुडगे आडये येतत. तुमच्या गाडयेत खुर्ची फिरता म्हणान ती सांगी होती माका फोनार. रोज सांगी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिच्या जाग्यार मी बसलेला तुमका चालणा नसात तर तसा सांगा. मी रागावणंय नाय."

"बघतंय," म्हटलं आणि फोन ठेवला.

तीन दिवस बघितलं. काय बघितलं ते विचारू नका. माटवात जायचो, सीट बाहेर वळवायचो, आत वळवायचो. चकतीत ग्रीस सुकलं होतं, आवाज करत होती. चौथ्या दिवशी ग्रीस भरलं. ग्रीस भरून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की बघून झालं. रिकाम्या सीटला कोणी ग्रीस भरत नाही. "रोज सांगी" हा शब्द मनातून जात नव्हता. मी घरात चहा करत असताना ती सीटवर बसून बहिणीला फोनवर गाडीचं सांगायची, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे लोकांनी बघायला हवं होतं ते दिसत होतंच जामसंड्याला. रंगाशिवाय.

गेल्या सोमवारी निघालो. सकाळी मोहोरावर धुकं होतं. गाडी माटवातून बाहेर काढली तशा तिच्यावर पाकळ्या पडल्या, त्या पुसल्या नाहीत. हात नेहमीसारखे धुतले, घासले नाहीत. आचऱ्याच्या बाजारात माणसं होती, हॉर्न मारला. पुढे काजूची झाडं फुलावर, बोंडांना अजून वेळ होता. रस्ता उताराला लागला, वळण आलं आणि मी बोललो, "मिठबाव इला."

गाडीत कोणी नव्हतं. मी गाडी बाजूला घेतली. टपरीवर एक चहा घेतला. टपरीवाला गाडीकडे बघून म्हणाला, "रंग खासा आसा."

"बायलेन काढलेलो," मी म्हटलं.

मिठबावच्या पुढचा रस्ता मी जन्मभर बघितलेला आहे. त्या दिवशी मात्र नवा वाटला. तिच्या तोंडून तो कधी ऐकला नव्हता.

जामसंड्याला आक्का दारात तयार होती. पिशवी, नारळ, बेल. मी लाल दरवाजा उघडला, खिटी ओढली. सीट वळून तिच्यापुढे आली. तिने सीटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ह्या न्हाव्याचाच मा? माजे केस कापतलास काय?"

"तुमच्या भयणीन पण ह्याच विचारल्यान."

"विचारतलीच. एका आवशीच्या आमी." बसली. गुडघा दुखला नाही. मीच विचारलं, तेव्हा म्हणाली, "खंय दुखतलो? वाकूकच होया नाय." मग दरवाजावरून हात फिरवला. "ह्या दारवाज्याक रंग लावूचो ऱ्हवलो, तात्यानू."

"ऱ्हवांदे, आक्का."

कुणकेश्वरला सोमवार असूनही गर्दी बेताची होती. गाडी थेट देवळाजवळ समुद्राच्या बाजूला उभी केली. भरती होती. ऊन वर आलं होतं आणि पत्रा तापला होता. पत्रा तापला की अजून, दोन वर्षांनीही, दरवाज्यांच्या पोकळीतून तो वास वर येतो. आक्काने नाक मुरडलं. पिशवी छातीशी धरून म्हणाली, "मोरीचो वास येता मा? ह्या अंगान देवाक जावचा?"

मी उतरलो, फिरून डावीकडे आलो. लाल दरवाजा उघडला.

"देव दर्याच्या काठार बसलो आसा, आक्का," मी म्हटलं. "तेका वास नवो नाय."

आणि खिटी ओढली.